सत्कार कुणाचा?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 14 ते 19.

सतराव्या अध्यायात भगवंत आहार, यज्ञ, तप आणि दान या चारही गोष्टी सात्त्विक, राजस आणि तामस अशा तीन प्रकारांत लावून दाखवतात. आजचे सहा श्लोक तपाबद्दल आहेत. त्यांची रचना बघण्यासारखी आहे. आधीच्या तीन श्लोकांत तप कशाने करायचं ते येतं: चौदाव्यात शरीराने, पंधराव्यात वाणीने, सोळाव्यात मनाने. पुढच्या तीन श्लोकांत तेच तप कोणत्या वृत्तीने केलं की सात्त्विक होतं, कोणत्या वृत्तीने राजस आणि कोणत्या वृत्तीने तामस, हे येतं.

वाणीच्या तपाच्या यादीत काय काय आहे? समोरच्याला न टोचणारं बोलणं, खरं बोलणं, प्रिय बोलणं, हिताचं बोलणं. आणि यांच्याच रांगेत शेवटी स्वाध्यायाचा अभ्यास. म्हणजे शास्त्र रोज वाचणं, म्हणणं, घोळवणं. आपल्यापैकी बरेच जण रोज दोन-चार ओव्या किंवा एखादा श्लोक वाचून त्यावर चार ओळी लिहितात. कुणी वहीत, कुणी फोनमध्ये, कुणी घरच्यांच्या ग्रुपवर. मी हे लिहिणंही याच स्वाध्यायात धरतो. लिहायला बसलं की डोळ्यांखालून नुसता सरकून गेलेला शब्द थांबतो आणि विचारतो, 'माझा अर्थ कळला का?'

या लिहिण्याबद्दल ऑफिसमधल्या एका मित्राने मला जेवताना एक प्रश्न विचारला होता. "तू रोज लिहितोस. रोज तुला खरंच काहीतरी वाटतं का? की वाटलं नाही तरी लिहितोस? आणि वाटलं नसताना लिहीत असशील तर ते ढोंग नाही का?"

हा मित्र देव-धर्म फारसा मानत नाही, पण त्याचा प्रश्न खवचट नव्हता. मला तो फार योग्य वाटला. भक्तीबद्दल रोज लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःला एकदा तरी विचारावा असा आहे. आजच्या श्लोकांत त्याचं उत्तर आहे असं मला वाटतं, म्हणून आज तोच विषय.

आधी राजस तप

अठराव्या श्लोकात राजस तपाची ओळख दिली आहे. सत्कार, मान आणि पूजा मिळावी म्हणून, दंभाने केलेलं तप. त्याला भगवंतांनी दोन विशेषणं लावली आहेत: चल आणि अध्रुव. म्हणजे हलणारं आणि टिकण्याची खात्री नसलेलं.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. भगवंत इथे राजस तपाला पाप म्हणत नाहीत. ते टिकत नाही म्हणतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच समजतं. तुमचा प्रोग्रॅम जर बाहेरच्या कुणाच्या सर्व्हरवर अवलंबून असेल, तर तो सर्व्हर बंद पडला की तुमचा प्रोग्रॅमही बंद. तुमच्या कोडमध्ये काही चूक असायची गरज नाही. दुसऱ्याच्या 'वा, छान!' वर चालणाऱ्या स्वाध्यायाचं तसंच असतं. वा मिळाली तोवर चालतो. चार दिवस कुणी काही बोललं नाही की मन म्हणतं, जाऊ दे, कोण वाचतंय?

मग कुणी वाचायचंच नाही असं लिहावं का? तसं मला वाटत नाही. संतांनी कीर्तनं लोकांसमोरच केली. प्रश्न लोक समोर आहेत की नाहीत हा नाही. सत्कार कोणाकडून कोणाकडे चाललाय, हा आहे.

तोच शब्द, दुसऱ्या ठिकाणी

'सत्कार' हा शब्द वाचल्यावर मला पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पहिल्या पादातलं चौदावं सूत्र आठवलं. तिथे अभ्यास पक्का कधी होतो ते सांगितलंय. तीन अटी आहेत. दीर्घ काळ करावा. खंड न पाडता करावा. आणि सत्काराने करावा.

शब्द तोच, पण दिशा बरोबर उलटी. राजस तप करणाऱ्याला सत्कार हवा असतो. पतंजलींचा अभ्यासक सत्कार करतो, आपल्या अभ्यासाचा. एकाकडे शाल-श्रीफळ यायला हवं, दुसरा स्वतः ते घेऊन उभा आहे.

आपण पहिल्या दोन अटी चटकन उचलतो, कारण त्या मोजता येतात. किती वर्षं झाली? किती दिवस सलग झाले? तिसरी अट मोजता येत नाही, म्हणून ती सुटते. आणि ती सुटली की उरते ती नुसती सवय. सकाळी दात घासतो तशी. दात घासण्यात वाईट काहीच नाही, पण त्याला कुणी तप म्हणत नाही.

सत्कार करायचा म्हणजे नक्की काय?

हे समजायला मला दासबोधाचा उपयोग झाला. दासबोधात 20 दशक आणि 200 समास. त्यात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास आहे लेखनक्रियेवर. ब्रह्मज्ञानाच्या ग्रंथात समर्थ एक अख्खा समास नुसतं लिहावं कसं यावर खर्च करतात. त्यात शाई, कागद, लेखणी, ओळी सरळ कशा ठेवायच्या, सगळं आहे. पहिल्या अक्षरापासून ग्रंथ संपेपर्यंत अक्षर एकसारखं हवं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसायला हवं, असं ते सांगतात.

त्यातल्या दोन सूचना मला फार आवडतात. एक, कागदाच्या चारही बाजूंना जागा मोकळी सोडावी. का? तर पुढे कागदाच्या कडा झिजल्या, झडल्या, तरी अक्षराला धक्का लागू नये. दुसरी, अक्षर फार बारीक काढू नये. का? तर म्हातारपणी ते वाचता येत नाही.

बघा, यात लिहिणाऱ्याचं कौतुक कुठे आहे? कुठेच नाही. एक सूचना ग्रंथाची काळजी घेते, दुसरी वाचणाऱ्याची. सत्कार म्हणजे हे. आपल्याला आज समास आखायचा नाही की लेखणी तासायची नाही. पण आपल्यासाठीही त्याची रूपं आहेत. श्लोक आठवणीतून ठोकून न देता मूळ ग्रंथ उघडून बघणं. श्लोकाचा क्रमांक तपासणं. फॉरवर्डमध्ये आलेलं वाक्य गीतेच्या किंवा तुकोबांच्या नावावर न खपवणं. अर्थ लागला नाही तर दोन टीका शेजारी ठेवून वाचणं. लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचणं. वाचणाऱ्याची पाच मिनिटं आपण घेणार आहोत, तर त्यातलं एक मिनिटही फुकट घालवायचं नाही, हे मनात ठेवणं.

कोरड्या दिवसाचं काय?

आता मित्राचा प्रश्न. काही वाटलं नसताना लिहिणं ढोंग आहे का?

कोरडे दिवस येतात. रात्री अकरापर्यंत प्रॉडक्शनमधला घोळ निस्तरून, मग सकाळी साडेसहाला ओव्या समोर घेतल्या की त्या नुसत्या अक्षरांच्या रांगा वाटतात. अशा दिवशी काय करायचं?

माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. 'या श्लोकात हे सांगितलंय' हे लिहिणं एक, आणि 'हा श्लोक वाचून माझे डोळे भरून आले' हे लिहिणं दुसरं. पहिली गोष्ट कोरड्या दिवशीही खरी असते. माझा मूड नाही म्हणून श्लोकातला अर्थ बदलत नाही. दुसरी गोष्ट घडली नसताना लिहिली, तर मात्र ते ढोंगच. आणि ते पंधराव्या श्लोकाच्याच विरुद्ध जातं, कारण स्वाध्यायाच्या शेजारी तिथे सत्य बसलंय. खोट्या भावाने लिहिलेला स्वाध्याय वाणीच्या तपातून आपोआप बाद होतो.

म्हणजे कोरड्या दिवशी लिहायला हरकत नाही, फक्त ओल उसनी आणायची नाही. जेवढं पानावर आहे तेवढं नीट लिहावं आणि थांबावं.

आषाढीची वारी आठवा. पालखी आळंदीहून पंढरपूरला साधारण अडीचशे किलोमीटर चालत जाते. कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, हे आधीच ठरलेलं असतं. दिवेघाट चढताना वारकऱ्याला कुणी विचारत नाही की माऊली, आज आतून वाटतंय का? पाय दुखत असतात, पावसाने सगळं भिजलेलं असतं, आणि तो चालत असतो. त्याला आपण ढोंगी म्हणतो का? नाही. त्याने 'मला आज फार आनंद होतोय' असा दावाच केलेला नाही. तो म्हणाला होता, मी येईन. आणि तो येतोय. नेमाचं सत्य हे शब्द पाळण्याचं सत्य असतं. भाव जेव्हा यायचा तेव्हा येतो, पण तो आला तेव्हा आपण वाटेवर असायला हवं.

लेखक या शब्दाचा जुना अर्थ

कोरड्या दिवसांना मदत करणारी आणखी एक गोष्ट सांगतो. आपली मोठी मोठी पुस्तकं ज्यांच्या हातांनी कागदावर उतरली, ते बरेचदा ऐकणारे होते.

ज्ञानेश्वरीच्या शेवटच्या ओवीत शके 1212, म्हणजे इसवी सन 1290, हे साल दिलंय. टीका ज्ञानेश्वरांनी केली असं सांगून पुढे सच्चिदानंदबाबांचा उल्लेख येतो, ते लेखक झाले म्हणून. त्या ओवीत 'लेखक' हा शब्द ज्ञानेश्वरांना नाही, लिहून घेणाऱ्याला आहे. आणि त्याच्या लिहिण्याबद्दल एकच गोष्ट सांगितली आहे, की ते त्याने आदराने केलं. पतंजलींचा सत्कार आणि ओवीतला आदर, मला तरी यात काही फरक दिसत नाही.

समर्थांनी शिवथरघळीत दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, असं परंपरा सांगते. अगदी अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 1932 सालचा धुळ्याचा तुरुंग. विनोबा तिथे दर रविवारी कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. ती लिहून घेतली साने गुरुजींनी, आणि म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हातात आहे. गुरुजी स्वतः केवढे लेखक! पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. पण रविवारी विनोबांसमोर बसताना त्यांनी आपली प्रतिभा बाजूला ठेवली आणि फक्त कान उघडे ठेवले.

रोज चिंतन लिहिणाऱ्या तुम्हा-आम्हाला ही भूमिका पेलण्यासारखी आहे. दररोज नवा विचार देणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही. दररोज नीट ऐकणं आणि जे ऐकलं ते आदराने उतरवणं, हे मात्र जमू शकतं. 'आज मला काय सुचलं?' याऐवजी 'आज काय ऐकू आलं?' असं विचारलं की निम्मा ताण तिथेच संपतो.

स्ट्रीक आणि गोमुखी

आता थोडं मोजण्याबद्दल. आपल्या पिढीला स्ट्रीकचं वेड आहे. भाषा शिकायचं ॲप, चालायचं ॲप, ध्यानाचं ॲप, सगळे सलग दिवस मोजतात. गिटहबच्या प्रोफाइलवर पूर्वी सलग किती दिवस कोड टाकला तो आकडा दिसायचा. 2016 मध्ये त्यांनी तो काढून टाकला. हिरवे चौकोन अजून आहेत, सलग दिवसांचा आकडा गेला.

मोजणं वाईट नाही. आपल्या परंपरेत जपाची माळच 108 मण्यांची आहे, म्हणजे मोजणी आलीच. पण माळ ओढताना ती कुठे असते? गोमुखीत. कापडी पिशवीत हात घालून, आत माळ फिरते. कितवा मणी चाललाय हे शेजारी बसलेल्याला दिसत नाही. मोजा, पण झाकून मोजा. कारण ती मोजणी मनाला खुंटीला बांधायला आहे, भिंतीवर टांगायला नाही.

स्ट्रीक उघड्यावर आली की एक वेगळाच धोका सुरू होतो, आणि तो एकोणिसाव्या श्लोकात आहे. तामस तप म्हणजे मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन केलेलं, किंवा दुसऱ्याचा नाश व्हावा म्हणून केलेलं. अंगात ताप असताना, रात्री पावणेबारा वाजता, फक्त आकडा तुटू नये म्हणून कशातरी चार ओळी खरडणं, हे त्या हट्टाच्या जवळ जातं. आणि दुसऱ्या संप्रदायाला खाली दाखवायला, कुणाला टोमणा मारायला श्लोक वापरणं, हे दुसऱ्या भागात बसतं. कृती स्वाध्यायाचीच दिसते. श्लोक तोच असतो. पण तप तामस झालेलं असतं.

मग खंड पडू द्यायचा का? पतंजली तर म्हणतात खंड पाडू नका!

इथे मला पुंडलिक आठवतो. आई-वडिलांची सेवा चालली होती, दारात साक्षात देव आला, आणि त्याने वीट पुढे सरकवली: यावर उभा राहा, हातातलं झाल्यावर येतो. देव रागावला नाही. अजून उभा आहे. गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस मी एक ओळही लिहिली नाही. तिला उठवून बसवणं, औषधाच्या वेळा, रात्री तिने हाक मारली की जागं होणं, एवढंच केलं. पाचव्या दिवशी परत बसलो, राहिलेले चार दिवस भरून काढायच्या भानगडीत पडलो नाही. ते चार दिवस रिकामे नव्हतेच. ज्यासाठी रोज वाचायचं, ते त्या चार दिवसांत करायची वेळ आली होती.

सेवेने पडलेला खंड हा खंड नसतो, असं मला वाटतं. आळसाने पडलेला असतो. आणि दोन्हीतला फरक दुसऱ्या कुणाला नाही, पण आपल्याला बरोबर कळतो.

बुडवून बघायची चाचणी

शेवटी एक चाचणी. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली, आणि तेरा दिवस ते नदीकाठी अन्नपाण्याविना बसून राहिले, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. वह्या वर आल्या म्हणतात. त्या तरंगल्या कशा यावर वाद घालणारे घालोत. मला त्या कथेतून स्वतःसाठी एक प्रश्न मिळतो. मी आजपर्यंत लिहिलेलं सगळं आज रात्री पुसलं गेलं, बॅकअपसकट, तर उद्या सकाळी काय शिल्लक असेल?

याचं उत्तर कुठे शोधायचं? वाणीच्या तपाची यादी परत उघडा. स्वाध्याय त्यात शेवटी येतो, त्याच्या आधी चार गोष्टी आहेत. न टोचणारं, खरं, प्रिय, हिताचं. सकाळी या श्लोकावर चारशे शब्द लिहायचे आणि अकरा वाजता ज्युनिअरच्या कोडवर 'हे कुणी लिहिलंय, डोकं वापरा' अशी कॉमेंट टाकायची, तर सकाळचे चारशे शब्द पाण्यातच गेले. चूक दाखवायलाच हवी, ते सत्यही आहे आणि हिताचंही. पण 'इथे यादी रिकामी आली तर काय होईल, बघशील का?' असंही लिहिता येतं. सकाळच्या लिहिण्यामुळे अकराची कॉमेंट बदलली असेल, तर सगळं पुसलं गेलं तरी काही बुडालं नाही.

मित्राला मी एवढंच सांगितलं, की रोज वाटत नाही. रोज ऐकायला मात्र बसतो. त्यावर तो म्हणाला, "मग ठीक आहे." आणि आम्ही पुन्हा डब्याकडे वळलो.

आजच्यासाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. तुम्ही रोज काही लिहीत असाल, तर आजचं कुणालाही पाठवू नका. फक्त लिहा. मूळ श्लोक दोनदा वाचा, समास मोकळा सोडा, आणि वही मिटून ठेवा. गोमुखीतल्या माळेसारखी. कसं वाटतं ते बघा.

उद्या श्लोक 20 ते 22, तीन प्रकारचं दान. जमलं तर आधी वाचून या.

राम कृष्ण हरी.